वडूजची गिरणी मी का सोडली

वडूजची गिरणी का सोडलीस, असं आजही कुणी विचारलं तर मी पिठावर ढकलतो. घशात जायचं, खोकला यायचा. खोटं नाही ते, पण खरंही नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. साताऱ्याला कॉलेजाचं पहिलं वर्ष संपलं आणि आईनं मला तिच्या भावाकडं धाडलं. "सुट्टीत लोळण्यापरीस मामाला हातभार लाव." काम काय, डोंबलाचं! डबा घ्यायचा, तोलायचा, धान्य वरून ओतायचं, खाली पीठ धरायचं, की पुढचा डबा. ज्वारी, बाजरी, परत ज्वारी. पट्टा दिवसभर फटफट करायचा, डोक्यावर पत्रा तापायचा. संध्याकाळी आरशात बघितलं तर भुवया पांढऱ्याफेक. जीव नुसता विटून गेला होता.

पण कंटाळ्यानं कुणी मरत नाही. सुट्टी काढली असती कशीबशी. पाणी दुसरीकडंच मुरत होतं. दळणाला येणाऱ्या बायका आधी "ए पोरा" म्हणायच्या, त्या "आवं पावनं" म्हणायला लागल्या. मामी भाकरीवर तुपाची धार धरायला लागली. मामाची मुलगी, जी लहानपणी माझ्या पाठीत गुद्दे घालायची, ती "तुमी" म्हणून दाराआड उभी राहायला लागली. आमच्यात मामाची पोरगी म्हणजे भाच्याच्या हक्काची, त्यात विचारायचं काय? एका दुपारी मामानं गिरणीची किल्लीच माझ्या हातात ठेवली.

"आता हे समदं तुझंच हाय गड्या. कालेज करून कुठं कलेक्टर हुनार हाईस?"

नाही म्हणावं तर आईचं माहेर तुटतंय, व्हय म्हणावं तर जन्मभर मी या पत्र्याखाली. किल्ली खिशात टाकून मी पुढचा डबा तोलला.

दुसऱ्या दिवशी मामाची मुलगी माझं जेवण घेऊन आली. मी गिरणी बंद करायला गेलो, तर तिनं हात धरला. त्या आवाजात शेजारच्यालाही काही ऐकू जात नसे, ते तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या कानाशी येऊन ओरडली, "तू जा हितनं. मला मास्तरीण व्हायचंय. आबा म्हणत्यात, गिरणीवाला नवरा घरातच हाय, आता शिकून काय करायचं. मी न्हाई म्हटलं तर मारत्यात. तू न्हाई म्हण."

आणि मी आपला समजत होतो, अडकलोय तो मी एकटाच.

संध्याकाळी मामापुढं किल्ली ठेवली आणि पिठाचा खोकला पुढं केला. मामानं किल्ली उचलली. मग म्हणाला, "पोरगी न्हाई आवडली म्हण की. खोकल्याचं सोंग कशाला रं?" मी मान खाली घातली आणि साताऱ्याची एस.टी. धरली.

भाच्यानं नाकारलेल्या पोरीला लगेच स्थळ कोण आणणार, म्हणून मामानं तिला सांगलीला डी.एड.ला घातलं. आईला मी सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस. माझ्या लग्नाच्या येळंला मला कुनी इचारलं न्हवतं."

दिवाळी आली. भाऊबीजेला आईनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि दिवसभर दाराकडं बघत बसली. मामा आला नाही. तिन्हीसांजेला तिनं ताट उचललं, अंगणात गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं चंद्राच्या कोरीला ओवाळलं. तिकडं वडूजला तिचा सख्खा भाऊ चांगला धडधाकट होता.