आमगाव रस्त्यावरचा अडकलेला एक्सल

बिरसीतल्या धाकट्या भावाच्या अंगणातून बाबांची जुनी मोटारसायकल घेऊन मी निघालो, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. डोक्यावर वैमानिक व्हायला आलेल्या पोरांची छोटी विमानं घिरट्या घालत होती आणि खाली मी किका मारून घामाघूम.

"दादा, टेम्पोत टाकून ने ना," भाऊ म्हणाला.

मी ऐकलं नाही. दरेकशाला बाबा वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गोंदियाला आणायचं होतं आणि त्यानंतर मोटारसायकल विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांची एकच अट होती. घरापासून दरेकसा स्टेशनापर्यंत ते स्वतः गाडी चालवत जाणार, नाहीतर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही.

गोंदियात लाल रश्श्यातले पोहे खाल्ले. पुढे दोन्ही बाजूंना कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (धानाची शेतं), डिसेंबरचं कोवळं ऊन. प्रवास फार छान चालला आहे असं मनात आलं आणि आमगावच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

पंक्चरवाला समोरच होता, हे नशीब. पण ट्यूब पार फाटली होती, चाक काढावंच लागणार होतं. त्यासाठी एक्सल (चाकाच्या मधोमध आरपार जाणारा लोखंडी दांडा) ओढायला हवा. नट सुटला. एक्सल जागचा हलेना. मिस्त्रीनं डिझेल ओतलं, बिडी ओढली आणि मग घण उचलला.

"अहो, मारू नका! तोंड फुलेल त्याचं!"

"साहब, ये ऐसे ही निकलता है."

चार घावांत एक्सलचं टोक भज्यासारखं फुललं. माझं डोकं फिरलं. आपल्याकडे कुठलीही वस्तू अडली की पहिला उपाय हाणायचा, दुसरा जोरात हाणायचा. तिसरा उपाय मिस्त्रीनं शांतपणे सांगितला. "कटर से काटना पड़ेगा."

या गाडीचे सुटे भाग बंद होऊन जमाना झाला. कापला की गाडी भंगारात आणि बाबांची अट हवेत. मी तिथल्या तिथे भावाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. चार वर्षं गाडी तुझ्याकडे होती. एकदा ग्रीस लावायला हात झिजत होते का? तुझ्याकडे ठेवली हीच चूक! पलीकडून तो एवढंच म्हणाला, "बरं दादा." त्या थंड उत्तरानं मी आणखी भडकलो.

रस्त्यापलीकडच्या अंगणात एक बाई चुलीवर मोठ्या गंजात (पातेल्यात) धान उकडत होत्या. घणाचा आवाज ऐकून कंटाळल्या असाव्यात. झारा हातात घेऊनच आल्या.

"कायले (कशाला) हानून राहिले जी? लोखंड हाय का बैल?"

मी अडचण सांगितली. त्यांनी वाकून चाकाचा मधला भाग बोटानं वाजवला.

"हे तं अल्मिनियम हाय. आमचा बुडा (म्हातारा) राइस मिलमधी फिटर होता. अल्मिनियम तापलं का लोखंडाले सोडते. उकरतं (उकळतं) पानी टाका न फिरवा. मारू नोका."

"पानी से कुछ नहीं होता, बाई," मिस्त्री म्हणाला.

"तुह्या घनानं काय झालं मंग?"

पुढच्या घाण्यासाठी उकळत ठेवलेलं पाणी त्यांनी विचारायच्या आत बादलीत ओतून आणलं. उसन्याचा (उकडून वाळवायच्या तांदळाचा) तो कोंदट गोड वास अंगणभर होताच. पहिल्या बादलीला काही नाही. दुसरीला काही नाही. तिसरीला मिस्त्रीनं पाना लावून पिळला आणि कर्रकन आवाज होऊन एक्सल बोटभर फिरला. मग फिरवत, ओढत, सबंध बाहेर आला.

त्याला गंजलेल्या पत्र्याची एक पट्टी चिकटली होती. मिस्त्री हसला. "ये किस होशियार ने लगाया? इसी ने पकड़ा था."

पट्टीच्या एका कडेला अजून हिरवा रंग होता. बिस्किटांच्या डब्याचा रंग. चार वर्षांपूर्वी, पुण्याला नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, गाडी भावाकडे सोडताना त्याच्याच अंगणात नवा टायर बसवला. तेव्हा एक्सल खडखडत होता, म्हणून मीच तो डबा कापून पट्टी गुंडाळली होती. ग्रीस आणायला मी थांबलो नव्हतो. माझ्या अक्कलहुशारीवर मी तेव्हा खूष होतो.

फुललेलं टोक घासलं, नवी ट्यूब टाकली, भरपूर ग्रीस लावलं, चाक बसलं. बाईंनी वाटीभर पेज पाजल्याशिवाय सोडलं नाही. भावाला फोन लावायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला मागे बसवून गाडी स्टेशनापर्यंत नेली. सावकाश, हॉर्न वाजवत, दिसेल त्याला हात करत. गाडी शेजाऱ्याच्या हवाली करून आम्ही रेल्वेत बसलो, तेव्हा मी खिशातली पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

बाबांनी ती उलटसुलट चाचपून पाहिली.

"पन दोन वर्साआधी मी बिरसीले गेलतो, तवा चाक निघालं नाही. कोनं बसवलं म्हनून विचारलं, तं धाकटा म्हने, म्याच बसवलं."

"मग?"

"मंग काय? शिव्या देल्या त्याले. तवापासून त्याच्या घरी गेलो नाही."

बाबा बिरसीला का जात नाहीत, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्याचंच काहीतरी चुकलं असणार असं धरून, पुण्यात बसून मीही भावालाच दोष देत आलो होतो. आणि काल तो म्हणाला होता, "बरं दादा."

गोंदिया आलं. भाऊ डब्याच्या दारापाशी उभाच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांची पिशवी घ्यायला हात पुढे केला. बाबांनी पिशवी दिली नाही. ती माझ्या हातात कोंबली आणि खाली उतरायला त्याचा खांदा धरला.

"दवाखान्यातून सुटलो का तुह्याकडंच नेजो," ते त्याला म्हणाले.