तिचं देज मीच घेईन

"म्हणजे विकणार पोरगी?"

बालविकास ऑफिसच्या मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. शिपाई फिदीफिदी हसला. "मॅडम, त्यासना धंदाच शे तो!"

सुरमी माझ्या मांडीवर. तिला मराठी कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून ती रडायला लागली.

सुरमी माझ्या शेजारणीची लेक. शेजारीण गुजरातेत ऊसतोडीला गेली आणि तिथेच तापाने मेली. बाप आधीच गेलेला. पाड्यावर सगळ्यांदेखत मी पोरीला मांडीवर घेतलं. आमच्या लेखी ती माझी झाली. पण अंगणवाडीची ताई म्हणाली, कायद्याने दत्तक घे, नाहीतर उद्या कोणीही घेऊन जाईल. म्हणून जीपने घाट उतरून धडगावला आले. ठेवणीतलं लुगडं नेसून. काय हौस होती मला!

मॅडमनी विचारलं होतं, "तू एकटी बाई. मोठी झाल्यावर हिचं काय करशील?"

मी ताठ मानेने सांगितलं, "वाजतगाजत लग्न लावीन. देज घेईन."

आमच्यात नवऱ्याकडचे लोक मुलीच्या घरी देज म्हणून पैसे देतात. जिच्यामागे कोणी नाही, तिचं देज मागणार कोण? ती सासरी फुकटची ठरते. देज घेईन म्हणजे हिच्यामागे मी उभी आहे. मला वाटलं, हे ऐकून मॅडम खूश होतील.

त्या म्हणाल्या, "हिला अनाथ मुलांच्या संस्थेत पाठवू. सोमवारी घेऊन ये."

मी "हो मॅडम" म्हणाले. त्या 'हो'ची अजून चीड येते.

परतताना जीपमध्ये एकदम आठवलं. तोच शिपाई मघाशी कुणाजवळ रडगाणं गात होता, लेकीच्या लग्नात जावयाला मोटारसायकल द्यावी लागणार म्हणून. माझं डोकंच फिरलं. लेक देऊन वर गाडी देणारा मला हसतो?

पाड्यावर बायांना सगळं सांगितलं. सोमवारी त्या जीप भरून माझ्यासोबत आल्या, ऑफिसात भिंतीला टेकून बसल्या. मी उभी राहिले.

"मॅडम, तुमच्यात पोरगी न्यायला पैसे मागतात. आमच्यात पोरगी न्यायची तर द्यावे लागतात. मग पोरगी नकोशी कुणाला, सांगा."

शिपाई खाली बघत होता. मॅडम म्हणाल्या, "आवाज खाली."

मी आवाज खाली घेतला नाही.

निकाल अजून लागला नाही. सुरमी माझ्याच घरात आहे. तिला न्यायचं असेल तर घाट चढून या, आम्ही सगळ्या दारात उभ्या आहोत. आणि पुन्हा विचाराल तर पुन्हा हेच सांगेन. तिचं देज मीच घेईन.