गॅलरीची सळई

माझी आई, विजयमाला. आटपाडीतलं आमचं नवीन घर तिनं एकटीनं उभं राहून बांधून घेतलं, कारण पप्पा सोनं गाळायच्या धंद्यात, तिकडं तमिळनाडूत. काम दिलं सख्ख्या भावाला, धुळामामाला. मामा मिस्त्री. घरात मिस्त्री असताना बाहेरच्याला काम दिलं असतं तर लोकांनी आईच्या तोंडात शेण घातलं असतं.

पण त्याच उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या हरणाबाईंच्या अंगावर त्यांच्याच नव्या घराची, दुसऱ्या मिस्त्रीनं बांधलेली गॅलरी पडली. खाली कुरडया वाळत घालत होत्या. जागच्या जागी गेल्या. आई मातीला जाऊन आली आणि तीन दिवस धड जेवली नाही. चौथ्या दिवशी तिनं शिराळ्याच्या आकारामतात्यांना फोन लावला. तात्या मिलिटरीत बावीस वर्षं बांधकामावर होते, आता कुणी बोलावलं की घराचं काम तपासून देतात. मिस्त्रीची बाजू घेत नाहीत, मालकाचीपण नाही.

मामाला तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. ते चुकलंच तिचं, मी अजून म्हणते.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर आलेला, नारळ फुटलेला, पन्नास माणसांचा स्वयंपाक चुलीवर. तात्या वर चढले, गॅलरीपाशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "थांबवा."

"कोण रं ह्यो?" मामा.

"मीच बोलावलंय," आई म्हणाली.

मामा आधी हसलाच. "आक्का, माझ्यावर इन्स्पेक्टर बसवलास व्हय? सख्ख्या भावावर?"

"गड्या," तात्या शांतपणे म्हणाले, "गॅलरी भिंतीच्या बाहेर लोंबती. तिला ताण वरनं बसतोय. मेन सळई वरच्या अंगाला पायजे, तू खाली बांधलीयास."

"चाळीस गॅलऱ्या टाकल्यात म्या! एक तरी पडली का?"

"अजून न्हाई," तात्या म्हणाले.

खालनं कुणीतरी ओरडलं, "धुळा, आता बहिणीलाच मिस्त्री कर की!" सगळे हसले. मामाचं तोंड एकदम उतरलं.

"आक्का, तूच सांग. ह्यो म्हणतोय ते खरं, का मी?"

आजीआजोबा गेल्यावर आईचं माहेर म्हणजे हा एकच माणूस. मला वाटलं ती आता गप्प बसणार.

"सळई वर घे, धुळा."

मामानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भर उन्हात स्वतः बांधलेल्या तारा सोडल्या, सळया वर घेऊन परत बांधल्या. तात्यांनी मान हलवली तेव्हाच काँक्रीट पडलं. मग मामानं गाडीला किक मारली. जेवला नाही.

काम त्यानं सोडलं नाही, पण आईशी बोलणं बंद. "तुझ्या आईला सांग, स्लॅबला पाणी मारा." आई तिथंच उभी असायची, तरी निरोप माझ्याकडं!

महिन्याभरानं गॅलरीचे टेकू काढायचे होते. मामानं सगळ्यांना लांब पिटाळलं, शेवटचा टेकू स्वतः काढला आणि तिथंच खाली उभा राहिला, वर बघत. तेवढ्यात आई जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आक्का, सर बाजूला!"

"न्हाई सरत."

गॅलरी हलली नाही. दोघं तशीच उभी, किती वेळ काय माहीत. मला रडू आवरेना.

"जेवून जा," आई म्हणाली.

"आज न्हाई," मामा म्हणाला, तिच्याकडं बघून.

तो गेला तरी आई रस्त्याकडंच बघत होती.