नर्सबाईंच्या दारातल्या गळक्या कळश्या

सरकारी रजिस्टरात शेवटचा रकाना असतो 'शेरा'. तो बोटभर रुंद. आमच्या उपकेंद्रात दिवसभर जे घडायचं ते काही त्यात मावायचं नाही. न मावलेलं सगळं माझ्याकडे साठत गेलं. आता कुणी विषय काढला की एकातून दुसरं निघतं आणि चहा गार होतो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. रेणापूरजवळच्या एका गावात आमचे हे शाळामास्तर. मी मॅट्रिक, छकुली आठ महिन्यांची, आणि काळजी करण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. छकुली शिंकली तरी मी तिला घेऊन उपकेंद्रात हजर. तिथल्या नर्सबाई सुलोचनाताई. त्यांच्याकडे वजनकाटा होता, आणि मला तो रोज बघायचा असायचा.

आठवड्याभरानं त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, कालपासून आजपर्यंत तिनं काय ज्वारीचं पोतं खाल्लं असेल का? रोज येताच आहात, तर हे रजिस्टर तरी लिहा."

अशी मी आरोग्य खात्यात शिरले.

रजिस्टर उघडलं तर मंगळवारच्या पानांवर नुसती शून्यं. मंगळवार हा गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस, आणि गावात पाण्याचा टँकर यायचा तोही मंगळवारीच. टँकर सोडून रक्तदाब मोजायला कोण येणार? नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातून पत्र आलं होतं: तपासणीला बायका येत नसतील तर नर्स दुसऱ्या गावी हलवू. ते पत्र वाचल्यापासून माझी झोप उडाली. वजनकाटा जाईल हे एक. आणि दुसरं, काशी. तिला सातवा महिना होता, पहिलटकरीण, पाय सुजलेले.

*

या काशीचा सातवा महिना आम्ही कसा काढला, तेही सांगते.

फॉर्मवर प्रश्न होता, शेवटच्या पाळीची तारीख. काशी म्हणाली, "तारीख कुणाला ठाव? गावात पैला टँकर आला ना, त्याच्या दुसऱ्या दिशी."

सगळ्यांचं असंच. कुणाचं जत्रेपासून, कुणाचं विहीर आटल्यापासून. मला या हिशोबाचं भारी कुतूहल वाटायला लागलं. पुढच्या मंगळवारी मी टँकरच्या ड्रायव्हरलाच गाठलं आणि पहिल्या खेपेची तारीख विचारली.

तो दचकला. "कशाला? माझ्यावर चौकशी लागली का?"

"नाही हो. काशी बाळंत कधी होणार ते काढायचंय."

त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर केले. "आईशप्पथ ताई, माझा काय बी संबंध न्हाई."

*

काशीचं रक्त कमी निघालं. सुलोचनाताईंनी सांगितलं, दूध घे, पालेभाजी खा, विश्रांती घे. काशी मला म्हणाली, "लिहून द्या. मी सांगितलं तर सासू ऐकायची न्हाई." मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

दोन दिवसांनी सासू, भागाबाई, चिठ्ठी घेऊन दारात. एस.टी.नं रेणापूरला जाऊन आलेली, घामानं डबडबलेली.

"दोन मेडिकल हिंडले. पैली दोन औषधं त्यांच्याकडं न्हाईत. तिसरं वाचून तर हसायाच लागले." चिठ्ठी माझ्यापुढे धरून तिनं हळूच विचारलं, "लातूर आता जिल्हा झालाय म्हणं. तिथं तरी मिळंल का?"

त्या बाईला सासू म्हणून मी मनातल्या मनात काय काय बोलले होते. पुढे कितीतरी दिवस तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

*

सगळ्यांना लोहाच्या गोळ्या वाटायचं काम माझं. रोज एक, विसरायची नाही, मळमळलं तरी घ्यायची. भाषण मला पाठ.

एकदा काशी माझ्या घरी आली, छकुलीच्या दुधाचा डबा सरकवला, तर मागे ताईंनी मलाच घ्यायला दिलेल्या गोळ्यांची पुडी. न उघडलेली.

ती म्हणाली, "ह्या काय छकुलीच्या लग्नात खायाच्या?"

त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींसमोर गोळी गिळायचो. ती माझ्यावर लक्ष ठेवायची.

*

आणि मग उपकेंद्राच्या तपासणीला जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टर मॅडम यायचं ठरलं. मंगळवारीच.

सुलोचनाताई पत्र हातात घेऊन बसून राहिल्या. काशीला तेव्हा नववा लागला होता. गावची जुनी सुईण खैरूनबी म्हणाली, "टँकरला काय बायका उभ्या ऱ्हातात का? भांडी ऱ्हातात. मग हितं बी भांडीच ठेवा."

मंगळवारी सकाळी चांगल्या घागरी टँकरच्या नंबरला गेल्या आणि गळक्या कळश्या नर्सबाईंच्या दारात ओळीनं लागल्या. नेमकी जीप आली तेव्हाच टँकर आला. मॅडम उतरल्या, हातात थर्मास, चेहरा उन्हानं ओढलेला. ओसरीवर चिटपाखरू नाही.

"बायका कुठायत?"

मी छकुलीला कडेवर सावरत म्हटलं, "नंबर लागलेत, मॅडम."

"नावं वाचा."

घाबरले की मी सांगितलं ते करते. वाकले आणि कळश्यांवर जे कोरलं होतं ते वाचत गेले. "शंकर माणिकराव. किसन तुकाराम. कैलासवासी धोंडिबा यांचे स्मरणार्थ..."

मॅडमनी मला थांबवलं. "हे कैलासवासी कितव्या महिन्यात आहेत?"

तेवढ्यात डोक्यावर भरली घागर, एक हात कमरेवर, तोंडावरून पाणी ओघळतंय, अशी काशी आली. ओळीकडे बघून म्हणाली, "ती तिसरी माझी. नाव आजेसासऱ्याचं हाय, नंबर माझा हाय."

मॅडमनी पुढे होऊन स्वतःच घागर उतरवून घेतली. किती लांबून आणलीस, दिवसाला किती, घरात दुसरं कोण भरतं, असं विचारत विचारत काशीला आत नेऊन स्वतः तपासलं. मागून आलेल्या बायका बाहेरून ओरडल्या, "नंबरानं घ्या की बाई!"

काशीला पुढच्याच आठवड्यात लातूरच्या दवाखान्यात आणा, गाडीचं मी बघते, असं त्यांनी भागाबाईला सांगितलं. मग माझं रजिस्टर ओढलं, 'मंगळवार' खोडून 'बुधवार' लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: नर्स इथेच राहील. शेवटचे दोन शब्द रकान्याबाहेर गेले.

"टँकर बघून येते," म्हणाल्या आणि निघाल्या.

ओळ सरकत गेली. दोन तासांनी शेवटची कळशी उचलली, तर तिच्या मागे एक थर्मास. सवयीनं वाकून बघितलं, त्यावर कुणा साहेबांचं नाव.

"हा कुणाचा?" मी जीपच्या ड्रायव्हरला विचारलं.

"मॅडमचा. म्हणल्या, मला बी तपासून घ्यायचंय, नंबर आला की हाक मारा."