उभ्या रेघेचा बंदोबस्त
कपाट आवरताना आदिलाबादच्या कापूस मार्केटातला जुना कीबोर्ड हाती लागला. त्याला अजून सरकीचा वास येतो. आमचे म्हातारे कारकून त्यावर शेतकऱ्याचं नाव, मग उभी रेघ, मग बापाचं नाव टाइप करायचे. महसूल दप्तरात जन्मभर तसंच लिहिलेलं. नवीन सॉफ्टवेअर आलं त्या हंगामात रेघ पडली की पडदा अडायचा, बाहेर कापसाच्या गाड्या तुंबायच्या. तिथले संगणक मीच सांभाळायचो. खोदून पाहिलं, तर डेटाबेसचा सर्व्हर रेघेनंतरचं नाव हुकूम समजून बजावायला जात होता. शहरातून सॉफ्टवेअर बसवणारे साहेब आले. त्यांच्यादेखत मी रेघेपुढे तारीख विचारणारी कमांड लिहिली. सर्व्हरनं निमूट तारीख सांगितली. "उद्या कुणी सगळं पुसायची कमांड लिहिली, तर रांगेतल्या प्रत्येकाचा नंबर जाईल," मी म्हणालो. साहेब हसले, "इस जंगल में कमांड किसको आता है?" कारकून म्हणाले, "साहेब, आमी बापाचं नाव लिवून राह्यलो, तुमची मशीन त्याले हुकूम काऊन समजते?" साहेबांनी स्क्रूड्रायव्हर मागवला, रेघेची कळ उचकटून खिशात घातली, रिपोर्टावर 'दोष दूर केला' लिहून सही ठोकली आणि ते जीपमध्ये बसले. शेजारच्याच टेबलावर दुसरा कीबोर्ड होता, रेघेच्या कळीसकट. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आता हा मोडका कीबोर्ड भंगारात द्यायला निघालो होतो, पण परत कपाटात ठेवला. साहेबांच्या अकलेचं इतकं नेमकं माप दुसरीकडे कुठे मिळणार? एक कळ मावेल एवढी खाच, तीही रिकामी.