लिहिणाऱ्याचं शेत

इंदूताई गेल्याचा विठ्ठलअण्णांचा फोन आला, तेव्हा मी धाराशिवच्या बसस्थानकात होतो. अण्णा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. "अक्का गेली," एवढंच ते म्हणाले. "सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आन् म्या पेपर आणेपर्यंत..." मागून कुणीतरी सोयाबीनच्या मळणीयंत्राबद्दल विचारत होतं. त्याला "थांब जरा" म्हणून त्यांनी फोन ठेवला. तामलवाडीला पोचलो तेव्हा अंगणात बसलेल्यांपैकी निम्मे लोक लोहाऱ्याच्या कॉलेजातले ताईंचे जुने विद्यार्थी होते. कुणी तलाठी, कुणी शिक्षक, एक जण खताचा दुकानदार. मीही त्यांचाच विद्यार्थी, पुढे वार्ताहर झालेला. ताईंनी आम्हा सगळ्यांना इतिहास शिकवला. अभ्यासक्रमात तुर्क आणि मंगोल यांच्या वाट्याला जेमतेम दोन पाने होती, ती त्या महिनाभर पुरवत.

कॉलेजात त्यांना 'मंगोल बाई' म्हणत आणि हे त्यांना माहीत होते. एकदा कुणीतरी ते नाव फळ्यावर लिहून ठेवले. त्यांनी ते पुसले नाही. त्याखाली मंचुरियापासून काळ्या समुद्रापर्यंतचा गवताळ प्रदेश खडूने काढला, अल्ताई पर्वत दाखवला, नद्या दाखवल्या आणि म्हणाल्या, "आता पत्ता पूर्ण झाला." मग तास सुरू झाला. या प्रदेशातल्या लोकांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतेक त्यांनी स्वतः लिहिलेले नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा असे. ते चिनी दरबारातल्या लेखकांनी लिहिले, इराणी शहरांतल्या मुनशींनी लिहिले, रशियन मठांतल्या साधूंनी लिहिले. अपवाद मोजके. मंगोलियातल्या ओरखोन नदीकाठच्या शिलालेखांत तुर्कांचा राजा स्वतः बोलतो आणि आपल्या माणसांना चीनच्या मऊ रेशमापासून आणि गोड शब्दांपासून सावध करतो, तेव्हा ताईंचा आवाज किंचित चढायचा. बाकी प्रत्येक साधनाला त्या एकच प्रश्न विचारायला लावत, "लिहिणाऱ्याचं शेत कुठं होतं?" ज्याचे पीक टापांखाली गेले, तो घोडेस्वाराचे वर्णन कसे करील, हे आधी विचारात घ्या, असे त्यांचे म्हणणे. मंगोलांनी मर्व्ह आणि बगदादमध्ये केलेल्या कत्तली त्या सौम्य करून सांगत नसत. पण उत्तरपत्रिकेत 'रानटी टोळ्या' हे शब्द दिसले की त्याभोवती लाल गोल पडायचा.

ही ओढ कुठून आली, ते त्यांनी एकदा सांगितले होते. तामलवाडीत दर हिवाळ्याला पश्चिमेकडून मेंढपाळ येत. पुढे घोडी, घोडीच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड, भांडी, पाल, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि वर एखादे तान्हे मूल. शाळेत गुरुजींनी धडा वाचला की मंगोल लोक घर सोबत घेऊन फिरतात. लहानगी इंदू उभी राहून म्हणाली, "गुरुजी, ते आमच्या शेतात उतरलेत." वर्ग हसला. "मी हसवायला बोलले नव्हते. मला राग आला," ताई म्हणाल्या, "त्या रागावरच मी एम.ए. केलं."

निवृत्तीनंतर त्या तामलवाडीला परतल्या. ओढ्याकाठची जमीन त्यांच्या वाट्याची. ती अण्णा कसत आणि ताई घरात बसून गवताळ प्रदेशाचा इतिहास मराठीत लिहीत. हिवाळ्यात बिरू मेंढपाळ यायचा. त्याचा बापही याच वाटेने यायचा. रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या, शेताला खत मिळायचे, बिरूला मुक्काम मिळायचा. संध्याकाळी ताई त्याच्या पालापाशी जाऊन बसत. अशा एका संध्याकाळी मी तिथे होतो. "बिरू," ताई म्हणाल्या, "इराणाकडं तुर्कमानांची एक टोळी होती. नावच काळ्या मेंढ्यांवरून पडलेलं. त्यांच्यातलेच लोक पुढं गोवळकोंड्याचे सुलतान झाले."

बिरूने स्वतःच्या काळ्या कळपाकडे नीट पाहून घेतले. "मंग आमचंच कुठं चुकलं म्हणायचं?"

"घोड्यावर तू कोंबड्या बसवतोस. ते स्वतः बसले."

बांधावरून अण्णा ओरडले, "अक्का, त्याला सुलतान करू नकोस! उद्या मेंढरं बसवायला तहनामा मागंल."

चार हिवाळ्यांपूर्वी गावच्या गायरानाच्या मोठ्या भागाला सौर पॅनेलांसाठी तारेचे कुंपण पडले. मेंढरांची जुनी वाट त्या गायरानातूनच जायची. त्या वर्षी बिरूचा कळप कुंपणाला लागून ओढ्याकडे सरकला आणि ताईंच्या शेतात घुसला. घाटे भरत आलेला हरभरा होता. ताई दुपारी पोचल्या तोवर निम्मे शेत साफ झाले होते. पुढचे मला अण्णांनी सांगितले. "रानटी आहेत, टोळधाड आहे, यांना गावात पाऊल ठेवू देऊ नका... असं अक्का वरडत हुती. म्या उभ्या जन्मात तिचा असला आवाज ऐकला न्हाय. बिरू खाली मान घालून मेंढरं भायेर काढत हुता."

शेतातूनच ताईंनी मला फोन केला आणि बातमी सांगायला सुरुवात केली. नाव, गाव, नुकसान, मेंढपाळांचा उपद्रव, सगळे क्रमाने. माझ्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न मी विचारला, "मेंढपाळाचं म्हणणं काय आहे?"

"त्याला काय विचारायचं? हरभरा माझा आहे," त्या म्हणाल्या. वाऱ्याचा आवाज येत राहिला... फोन त्यांनीच ठेवला.

गावातल्या काहींना मेंढपाळांची वाट कायमची बंद करायची होती. त्यासाठी त्यांना एक तक्रार हवी होती आणि आता ती गावातल्या सर्वांत शिकलेल्या बाईकडून मिळणार होती. ठराव झाला असता तर बिरूला ओढ्यापलीकडच्या चराईकडे जायला दुसरा रस्ता उरला नसता. गायरान तारेत गेलेच होते. आणि ताईंनी आयुष्यभर वर्गात जे मांडले, ते त्यांच्याच सहीने खोटे ठरले असते. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेला मी गेलो. अर्ज तयार होता. "ताई, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो," असे म्हणत एकाने पेन पुढे केले.

ताई उभ्या राहिल्या. "पीक खाल्लं हे खरं आहे. राग आला हेही खरं, तो अजून आहे. पण काल मी शेतात जे बोलले, ते आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी फारसीत लिहून ठेवलंय. ते वाक्य जन्मभर मी पोरांना खोडायला लावलं."

"ताई, इतिहास राहू द्या," मागून एक जण म्हणाला. "हरभरा कुणी खाल्ला तेवढं सांगा."

"बिरूच्या मेंढ्यांनी."

"मंग झालं की!"

सभा हसली. दाराशी उभा असलेला बिरू पुढे आला. "माझं ध्यान नव्हतं, कबूल हाय. कोकरू आजारी हुतं, म्या माघं राहिलो. शिक्षा द्या. पर वाटच बंद केल्यावर म्होरल्या साली म्या काय आभाळातून येऊ?"

ताईंनी पेन परत केले. "याला दंड काय तो माझा मी बघते. यंदा त्याची मेंढरं माझ्या शेतात जास्त रात्री बसतील, त्याचं खत हाच दंड. आणि पुढच्या वर्षीपासून त्यानं माझ्या शेताच्या ओढ्याकडच्या कडेनं जावं. तेवढी पट्टी मी पेरणार नाही." तक्रारदारच उरला नाही, त्यामुळे ठराव त्या दिवशी मागे पडला आणि नंतरही आला नाही.

अण्णा सभेतून उठून गेले होते. घरी त्यांनी तोंड उघडले ते माझ्यासमोरच. "कडंची माती समद्यात भारी हाय. ओढ्याचा गाळ हाय तिथं. कसायचं म्या आन् दान करायचं तू, व्हय?"

"दान नाही रे, रस्ता आहे."

"रस्ता सरकार करतं, अक्का. तू कशापायी करतीस?" त्यानंतर कित्येक दिवस भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नव्हते. दर पेरणीला हा वाद नव्याने होई. पट्टी मात्र मोकळी राही. बिरू तिच्यावरून येई आणि जाई.

त्या प्रसंगानंतर ताईंनी पुस्तकाची बरीच पाने नव्याने लिहिली. शेवटच्या भेटीत त्यांनी मला सेल्जुकांचा भाग वाचून दाखवला. मेंढ्या-घोडे घेऊन इराणात उतरलेले हे तुर्क तिथले सुलतान झाले. मग त्यांच्याच भाऊबंदांचे कळप सारा भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिकात शिरू लागले, तेव्हा या सुलतानांनी त्यांना सरहद्दीकडे पिटाळायला सुरुवात केली. वाचता वाचता ताई चष्मा काढून हसल्या. "त्यांना एका जागी बसून सुलतान व्हायला काही वर्षं लागली. मला एक दुपार पुरली." पुढे म्हणाल्या, "मी मुलांना अर्धंच शिकवलं रे. भटक्याला वाईट म्हणणारे खोटे, असं सांगत राहिले. ते खोटे नव्हते. त्यांचा हरभरा गेला होता... ते फक्त तेवढंच लिहून थांबले." पुस्तकाचे शेवटचे प्रकरण गवताळ प्रदेशाच्या शेवटाविषयी आहे. पश्चिमेकडून रशियाच्या किल्ल्यांची रांग पुढे सरकत गेली, किल्ल्यांमागून नांगर आला आणि कझाखांच्या चराईच्या वाटा एकेक करून तुटल्या. एकही मोठी लढाई न होता पुष्कळशी जमीन गेली. हे प्रकरण त्यांनी पूर्ण केले होते.

मागच्या आठवड्यात ते हस्तलिखित आणायला तामलवाडीला गेलो. हरभऱ्याची पेरणी चालू होती. अण्णा बांधावर उभे होते. जमीन आता त्यांची. ट्रॅक्टरवाला पोरगा नवा होता. ओढ्याकडच्या मोकळ्या पट्टीपाशी येऊन त्याने गती कमी केली आणि ओरडून विचारले, "अण्णा, पार कडंपर्यंत घ्यायचं न्हवं?"

अण्णांनी खाली वाकून पट्टीतली मूठभर माती उचलली. काळीभोर, ओली, बोटांत दाबली की दबलेली राहणारी. "बघ," ते मला म्हणाले, "लोणी हाय लोणी." माती त्यांनी काही वेळ हातातच धरली. पट्टीवर गवत गुडघ्याला लागत होते. मधोमध गेल्या हिवाळ्यात कळपाने तुडवलेली वाट अजून स्पष्ट दिसत होती.

मग त्यांनी माती खाली टाकली, हात धोतराला पुसला आणि पोराला ओरडून सांगितले, "तिथनंच वळीव."