खाडीतलं न हललेलं पाणी

काल सूनबाईनं भाजी धुवायला पोटॅशियम परमँगनेटचे खडे पाण्यात टाकले. ते जांभळं पाणी पाहिलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

संशोधनाच्या दिवसांत आम्ही अशाच पाण्यात धाग्यांचे पुंजके भिजवून काळे करायचो आणि त्यांतून कोकणातल्या एका खाडीचं पाणी गाळायचो. धाग्यांना रेडियम चिकटायचं. त्याचा एक अल्पायुषी प्रकार किनाऱ्याच्या गाळातून पाण्यात येतो आणि काही दिवसांत आपोआप कमी होत जातो. तो किती उरलाय त्यावरून पाणी किती दिवस तिथंच घुटमळतंय हे कळतं. त्या खाडीत एका कारखान्याचं सांडपाणी सुटायचं. ते समुद्रात जातच नव्हतं. आठवडाभर खाडीतच फिरत होतं.

मी अहवालात तसं लिहिलं. आमच्या प्रमुखांनी त्या ओळीवर रेघ मारली. "समुद्र केवढा मोठा! सगळं मिसळून जातं. औरंगाबादची पोरगी आम्हाला समुद्र शिकवणार?" सगळे हसले.

"सर, आकडे औरंगाबादचे नाहीत, तुमच्या खाडीचे आहेत," मी म्हणाले. सही केली नाही. माझं नाव अहवालातून गेलं.

हे उत्तर मी वर्षानुवर्षं लई अभिमानानं सांगत आले. आता मात्र संताप माझाच येतो. त्याच संध्याकाळी धक्क्यावर आमची होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांनी विचारलं होतं, "बाय, ह्ये पानी भायेर जातंय ना? घरची समदी हीच मासळी खातात."

मी म्हणाले, "अहवाल आला की कळेल, काका."

"जात नाही" एवढे दोनच शब्द होते. तेही मी त्यांना सांगितले नाहीत.